बोर्डाच्या खोक्यावरची तारीख

५ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद चालत असतील तर घे, नसतील तर ही ओळ सोडून पुढं वाच.

फोन केला नाही, कारण फोनवर आपल्या दोघांपैकी कुणीतरी मध्येच तोडतं. कागद तोडता येत नाही. फाडता येतो, पण तोवर तो वाचून झालेला असतो.

तू परवा तुझ्या वहिनीला म्हणालास म्हणे, ‘ठिणगीला माझ्याकडे पाठवा, दुकानात मशीन रिकामी पडलीयत.’ त्याचं उत्तर देतो. पोर कुठं जाणार नाही. तिला लागणारा कॉम्प्युटर घरीच होईल, आणि तो मी करीन. त्या हलत्या चित्रांच्या कंपनीनं तिच्याकडून परीक्षा म्हणून मिनिटभराची फिल्म मागितली आहे, महिनाअखेरपर्यंत. जमली तर घरबसल्या काम मिळेल. शिकून बाहेर पडल्यापासून तिच्या हाताशी संस्थेचं मशीन नाही, आणि माझ्या टेबलावरचा बिलांचा जुना डबा तिचं चित्र उघडतानाच धापा टाकतो. एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी पोरीनं दुसऱ्या गावी जाऊन काकाच्या दुकानावरच्या माळ्यावर राहायची गरज नाही.

सल्ला मागायला लिहीत नाहीये, कळवतोय. तरी काय निवडलंय ते बघायचंच असेल तर बघ.

आधी प्रोसेसर ठरवला. अगदी वरचा नाही आणि तळातलाही नाही. नवीन पिढीतला मधला. चढ्या भावाचा घेऊन पुढचा पैसा नुसता नावाला जातो. तो ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याच सॉकेटचा बोर्ड. बोर्ड ज्या पिढीची रॅम घेतो त्याच पिढीची रॅम, कारण दुसरीची खाचच वेगळ्या जागी असते. ठिणगी म्हणाली, ‘बाबा, ग्राफिक्स कार्ड मधलं चालेल, रॅम वाढवा.’ मी वाढवली. मी कुणाचं ऐकत नाही असं तुम्हा दोघांचं मत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, हे लोक विकत घेतल्यावर बघतात. मी घरून कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापून नेला आणि दुकानात कॅबिनेट उघडून तो आत घालून पाहिला. बोटभर जागा उरते. दुकानदारीण बाई बघतच राहिल्या. पॉवर सप्लाय तर मी दोन्ही हातांत धरून तोलला. बाई म्हणाल्या, ‘काका, भोपळा नाहीये तो.’ मी म्हटलं, ‘बाई, हलका ट्रान्सफॉर्मर म्हणजे आत तांबं नाही. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे हातानं ओळखतो.’ छापील वॅटवर विश्वास ठेवायचा नाही. अंगात दम असलेला घ्यायचा. यात काटकसर केली की एक दिवस बाकी सगळं घेऊन जातो.

बोर्डात मात्र वाचवले. दुकानात मागच्या साठ्यातला एक होता, जरा जुन्या मॉडेलचा, सॉकेट तेच, भाव बराच कमी. पाठीला एक बटण असलेला दुसरा बोर्ड महाग होता. मी विचारलं, ‘या बटणाचं काय काम?’ म्हणाल्या, ‘अडचणीला उपयोगी पडतं.’ म्हटलं, ‘ज्याला अडचण येते त्याला विका.’ मग त्या साठ्यातल्या बोर्डाचं खोकं उघडायला निघाल्या, आत काहीतरी करून देते म्हणाल्या. मी खोकं उचललं आणि पिशवीत टाकलं. सील फुटलेला माल घ्यायचा नाही, हे तुला मी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सील घरी आल्यावर माझ्या हातानं फोडलं.

तर काळजी नसावी. तुझी मशीनं रिकामीच राहू देत.

दादा

१३ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी लिहिलंस ते एक ओळ. ‘बोर्डाच्या खोक्यावरची तारीख बघ.’ खाली सही नाही, वर मायना नाही.

तारीख बघायला तो काय पाव आहे? बोर्ड आंबत नाही. तांबं, फायबर आणि कथिल. मी तुझ्या वयापेक्षा जुने अँप्लिफायर चालू करून दिलेत. तू खोचक लिहायचंच ठरवलं असशील तर निदान अर्थ लागेल असं लिही.

जोडणीचं म्हणशील तर छान चाललंय. पुढच्या खोलीतलं बाक रिकामं केलं, खाली रबरी चटई टाकली, मनगटाला तार बांधून ती अर्थिंगला जोडली. ठिणगी शेजारी उभी. तिला काही करू दिलं नाही असं कुणी म्हणायला नको म्हणून रॅम तिला बसवायला सांगितली. तिनं बसवली. मग मी ती काढून पुन्हा बसवली.

‘बाबा, माझी बसली होती.’

‘बसली असेल. मी खात्री केली.’

‘टक् असा आवाज झाला होता. तुम्हीपण ऐकलात.’

‘आवाजावर जायचं नाही.’

‘मग कशावर जायचं?’

मी हातातला स्क्रू पिळत राहिलो. ती आत गेली आणि तुझ्या वहिनीला काहीतरी म्हणाली. वहिनी हसली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

थोडं काम बाकी आहे. किरकोळ. दोन दिवसांत उभं राहील. वायरी मी अशा बांधल्यात की कॅबिनेट उघडून कुणालाही दाखवावं.

तुझ्या दुकानात आता किती माणसं आहेत कामाला? विचारतोय आपलं. वहिनी सांगत होती, पाटी मोठी केलीस.

दादा

२३ फेब्रुवारी

बारक्या,

ठिणगी एव्हाना तुझ्याकडे पोचली असेल. तिला गार वारा लागला की घसा धरतो. माळ्यावरच्या खिडकीला कडी आहे ना? ती विसरते.

तिनं तुला सगळं सांगितलं असेलच, तरी माझ्या बाजूनं लिहितो. तिला तपशील गाळायची सवय आहे.

मशीन चालू होतं. म्हणजे पंखे फिरतात. समोरचा फिरतो, मागचा फिरतो, प्रोसेसरवरचाही फिरतो. पडदा काळा. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा आहे, तो प्रोसेसरच्या नावापाशी अडकून राहतो, पुढं सरकत नाही. मी मीटर लावला. बारा व्होल्ट बाराच, पाच पाचच, तीन पॉइंट तीनचा तोही बरोबर. नाडी चालू आणि माणूस डोळे उघडेना. मी प्रोसेसर काढला, भिंगाखाली एकेक पिन पाहिली, एकही वाकलेली नाही. पुसला, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, बसवला. पुन्हा काढला. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. आयुष्यात असं झालेलं नाही की समोर यंत्र आहे, दोष आहे, आणि मला दोषाची दिशासुद्धा लागत नाही.

तुझी वहिनी दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, ‘पंखा मात्र छान बनवलाय.’

ती हे मुद्दाम म्हणाली, हे तुला वेगळं सांगायला नको. बारा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तीही आपल्या दुकानात होती.

मी चिडलो नाही. चिडलो ते नंतर. ठिणगी म्हणाली, ‘काकाला फोन लावते, तो बसल्या जागी सांगेल.’ मी म्हणालो, या घरातून तुझ्या काकाला फोन जाणार नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे माझं काम गेलं तरी चालेल, पण तुमचा फोन जायला नको.’ मी म्हणालो, दोन दिवस दे. ती म्हणाली, ‘तुम्ही दोन दिवस दहा दिवसांपासून मागताय, बाबा.’ असं ती माझ्याशी कधी बोलत नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, तिनं उतरवला.

सकाळी बॅग भरून तयार. मी बाकापाशी होतो. जाताना कॅबिनेटवरून हात फिरवला तिनं, लहान असताना रेडिओवरून फिरवायची तसा. माझ्या पाया पडली. मी म्हटलं, ‘पोचलीस की कळव.’ तिनं आईला कळवलं.

तिचं पेन्सिलचं खोकं इथंच राहिलं आहे. तिला लागत असेल तर पाठवतो.

दादा

८ मार्च

बारक्या,

तारीख बघितली.

बोर्डाचं खोकं मी स्क्रू ठेवायला वापरत होतो. काल स्क्रू शोधायला ओतलं तेव्हा बाजूचं लेबल दिसलं. बोर्ड बनला तेव्हा माझा प्रोसेसर बाजारात यायचा होता. मग सगळा दिवस वाचत बसलो. आता पुरतं कळलं ते लिहितो, म्हणजे मला खरंच कळलंय की नाही ते तुला कळेल.

बोर्डाच्या आत जी मूळ शिकवण भरलेली असते, तीत त्या वेळेपर्यंतच्या प्रोसेसरची ओळख असते. पुढं आलेला प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतो, पिना जुळतात, वीज मिळते, पंखे फिरतात. पण बोर्ड त्याला ओळखत नाही. ओळख नाही म्हणून दार उघडत नाही. नवी शिकवण भरायची तर बोर्ड चालू हवा, आणि चालू व्हायचा तर ओळखीचा, जुना प्रोसेसर हवा. तो थोडा वेळ बसवायचा, त्याच्याकरवी नव्याची ओळख करून द्यायची, आणि मग तो काढून घ्यायचा. ते पाठीवरचं बटण असतं तर जुना प्रोसेसरही लागला नसता.

हे सगळं तू एका ओळीत लिहिलं होतंस. मी त्याचा पाव केला.

मी दुकानात गेलो. बाईंनी मला दारातच ओळखलं. ‘या काका. पुठ्ठेवाले ना?’ मी सांगितलं काय झालं ते. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील, तयारी करून गेलो होतो. म्हणाल्या, ‘तेच तर त्या दिवशी करून देणार होते. पाच मिनिटांचं काम. पण तुम्हाला सील हवं होतं, सील दिलं.’

‘आता करून द्या.’

‘आता माझ्याकडे त्या जातीचा जुना प्रोसेसर राहिला नाही, विकला गेला. नवीन कुणी बनवत नाही. तुमच्या ओळखीत या धंद्यातलं कुणी नाही का?’

मी म्हणालो, ‘आहे. माझा भाऊ आहे.’

बारा वर्षांत हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलेलं नव्हतं. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. बाई म्हणाल्या, ‘मग अडलंय कुठं?’

कुठं अडलंय ते तुला आणि मला माहीत.

तुला तो दिवस आठवत असेल. मला वाटायचं माझ्या लक्षात नाही. तू कुठून कुठून तुकडे जमवून आपल्या दुकानाच्या काउंटरवर तुझं पहिलं मशीन जोडलं होतंस. रेडिओ बाजूला सारून जागा केली होतीस. बटण दाबलंस, पंखा फिरला, पडदा काळा. दुकान भरलेलं. मी म्हणालो, ‘या, बघा, आमच्या बारक्यानं पंखा बनवलाय.’ लोक हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, उन्हाळ्यात बरा पडेल. तूही हसलास. मी तेच धरून बसलो इतकी वर्षं, की तू हसला होतास, म्हणजे तुला लागलं नव्हतं. मग गल्लीतली पोरं तुला पंखेवाला म्हणायला लागली आणि तू गेलास. मी लोकांना सांगायचो, त्याला मोठं शहर हवं होतं.

त्या वेळी त्या मशीनला काय झालं होतं रे? मी कधी विचारलंच नाही. दुरुस्तीवाला माणूस मी, समोर बंद यंत्र पाहिलं आणि दोष न शोधता नुसता बोललो. असं मी गिऱ्हाइकाच्या इस्त्रीबाबतही कधी केलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हे लिहायला मी कागद बदलला. मला मदत हवी आहे. तुझ्याकडे त्या जातीचा जुना प्रोसेसर असेल तर थोड्या दिवसांसाठी दे. सील फुटलेला चालेल.

दादा

३० मार्च

बारक्या,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी तुझी, पण पॅकिंग तुझं नाही. पिना स्पंजात, वर पुठ्ठ्याची छोटी चौकट, तिला दोरा आडवा-उभा, आणि गाठ ओढली की सुटेल अशी. पार्सल उघडणाऱ्याला कात्री लागू नये, म्हणून अशी गाठ मारायची असते. ही गाठ मी ठिणगीला शिकवली, ती सहा-सात वर्षांची असताना. तुझी वहिनी म्हणाली, ‘उघडा की, दोरा काय बघत बसलाय.’ मी थोडा वेळ दोराच बघत बसलो.

आधी काम सांगतो. जुना प्रोसेसर बसवला. बटण दाबलं. लाल दिवा लागला, सरकला, विझला, आणि पडद्यावर अक्षरं आली. तुझी वहिनी पाठीमागे उभी होती, तिनं माझा खांदा धरला. मग नवी शिकवण भरायला घातली. ती भरत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला, असं वाचलं होतं, म्हणून आपल्या दुकानातली मोठी बॅटरी आणून जोडून ठेवली होती. वीज गेली नाही. तरी पडद्यावरची रेघ शेवटाला जाईपर्यंत मी बॅटरीवरचा हात काढला नाही. मग जुना काढला, नवा बसवला. बोर्डानं त्याला नाव घेऊन हाक मारावी तसं त्याचं पूर्ण नाव पडद्यावर आलं. रॅम तेवढीच दिसली जेवढी आहे. वायरी अजून तशाच सुबक आहेत.

मशीन एकदम झकास आहे. तिच्या खोलीत, तिच्या टेबलावर ठेवलंय. पडदा तिला लागतो त्या उंचीवर आहे. पेन्सिलचं खोकं शेजारी. रोज चालू करतो, धूळ बसू नये म्हणून. चालू करून काय करायचं ते मला येत नाही. जरा वेळ बसतो आणि बंद करतो.

तुझी चिठ्ठी वाचली. फिल्म कंपनीला आवडली, काम मिळालं, आणि ती म्हणते तिथंच राहीन, कारण तुझ्या दुकानात तिला विचारायला माणसं आहेत. तू लिहिलंस, ‘दादा, मी तिला थांबवलेलं नाही आणि पाठवणारही नाही, ती ठरवेल.’ बरोबर लिहिलंस. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, विचारायला माणसं इथंही होती, पण विचारलं की तिचंच काम पुन्हा तपासून बघायची. ती चिडून म्हणाली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

आणि तू दुसरं जे लिहिलंस. की तुझ्या त्या मशीनची रॅम अर्धवट बसली होती. गिऱ्हाइकं गेल्यावर, मी घरी आल्यावर, तू मागच्या खोलीत अंगठ्यानं दाबलीस, टक् झालं आणि पडदा उजळला. दुसऱ्या दिवशी मला दाखवायचं म्हणून तू ते झाकून ठेवलंस. आणि सकाळी दुकानात शिरता शिरता मी म्हणालो, ‘तो पंखा काउंटरवरून काढ आधी.’ तू काढलास. चालणारं मशीन तू झाकलेलंच घेऊन गेलास. हे मला आज कळतंय. एक अंगठा रे. मी शेजारी उभा होतो. माझा अंगठाही मोकळाच होता.

ठिणगीची रॅम बसली होती, हे तिला सांग. मी पुन्हा बसवली ती विनाकारण. मी सांगितलं तर ती ‘असू दे बाबा’ म्हणेल आणि विषय बदलेल, म्हणून तू सांग. नाही, नको. मीच सांगतो.

तुझा जुना प्रोसेसर परत पाठवायला मी तिच्याच दोऱ्यात बांधून कुरिअरवाल्याकडे गेलो होतो. त्यानं विचारलं, ‘आत काय आहे?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘फुटणारं आहे का?’ मी पार्सल परत घेतलं आणि घरी आलो.

मी स्वतः घेऊन येतोय. मशीन पण आणतोय. तिच्यासाठी केलंय, तर जिथं ती तिथं ते. रस्त्यात ग्राफिक्स कार्डाला धक्का बसू नये म्हणून काढून वेगळं बांधीन, तिथं तिला बसवू दे. मी बघणार नाही. बघितलंच तर हात लावणार नाही.

एकच कळव. तुझ्या दुकानात गर्दी कधी असते? मला रिकाम्या दुकानात यायचं नाही. पंखा मीही बनवला होता, हे मला गिऱ्हाइकांसमोर सांगायचंय. जे चार लोकांत बोललो होतो, ते एकट्यात परत घेता येत नाही.

दादा